यादीतला क्रम आणि पटावरचा क्रम : चेन्नईच्या ऑलिम्पियाडमधून मानांकन समजून घेऊ



आजचा विषय आहे मानांकन. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर आपण नेहमी वाचतो, 'अग्रमानांकित खेळाडूला पराभवाचा धक्का', 'बिगरमानांकित जोडी उपांत्य फेरीत'. पण हे मानांकन ठरवतं कोण? कशावरून ठरवतं? आणि ते चुकलं तर नुकसान कोणाचं होतं? हे सहसा कोणी सांगत बसत नाही. आज ते नीट समजून घेऊ, आणि त्यासाठी चेन्नईला जाऊ.

चेन्नईच का? कारण २०२२ साली तिथे ४४वं बुद्धिबळ ऑलिम्पियाड झालं आणि त्यात मानांकनाची यादी आणि शेवटचा निकाल यांच्यात एवढी तफावत पडली, की हा विषय शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. ही स्पर्धा आधी रशियात व्हायची होती. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ती तिथून काढून घेण्यात आली आणि चेन्नईने जेमतेम चार महिन्यांत ती उभी केली. २८ जुलैला नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये उद्घाटन, आणि २९ जुलै ते ९ ऑगस्ट या काळात मामल्लपुरमला, म्हणजे आपण ज्याला महाबलीपुरम म्हणतो तिथे, प्रत्यक्ष खेळ. शहरातला नेपियर पूल बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंगवला होता, आणि वेष्टी नेसलेला 'तंबी' नावाचा घोडा चौकाचौकांत उभा होता.

खुल्या गटात १८८ संघ. पहिलं मानांकन अमेरिकेला. कारुआना, अरोनियन, वेस्ली सो, डोमिंगेझ असे दिग्गज, आणि पहिल्या चौघांचं सरासरी रेटिंग २७७१. दुसरं मानांकन भारत 'अ' संघाला, सरासरी २६९६. आता शेवटचा निकाल बघा. सुवर्ण उझबेकिस्तानला, ज्यांचं मानांकन होतं १४. रौप्य आर्मेनियाला, मानांकन १२. कांस्य भारत 'ब' संघाला, मानांकन ११. भारत 'अ' चौथा, अमेरिका पाचवी. म्हणजे पहिल्या दहा मानांकित संघांपैकी एकालाही पदक नाही!

मग मानांकन म्हणजे निव्वळ थोतांड का? तसं नाही. उत्तर मधे कुठेतरी आहे. तिथपर्यंत पायरीपायरीने जाऊ.

मानांकन कशासाठी लागतं?

इंग्रजीत याला सीडिंग म्हणतात. सीड म्हणजे बी. शेतकरी बी टोकताना दोन दाण्यांत अंतर ठेवतो, तसे बलवान खेळाडू किंवा संघ वेळापत्रकात अंतर ठेवून पेरायचे, ही त्यातली कल्पना.

समजा आठ संघ आहेत आणि स्पर्धा बाद पद्धतीची आहे. हरला की घरी. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकून ड्रॉ काढला, तर सगळ्यांत बलवान दोन संघ एकाच अर्ध्यात पडण्याची शक्यता किती? एका संघाची जागा ठरली की उरतात सात जागा, त्यातल्या तीन त्याच्याच अर्ध्यात. म्हणजे सातात तीन, जवळजवळ ४३ टक्के. इतक्या वेळा खरी अंतिम लढत आधीच होऊन जाणार आणि प्रत्यक्ष अंतिम सामना एकतर्फी होणार.

म्हणून पहिल्याला आठव्यासमोर, दुसऱ्याला सातव्यासमोर, तिसऱ्याला सहाव्यासमोर आणि चौथ्याला पाचव्यासमोर ठेवतात. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. पहिला आणि दुसरा वेगवेगळ्या अर्ध्यात, त्यामुळे ते भेटले तर अंतिम सामन्यातच.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. मानांकन म्हणजे बक्षीस नाही. पण त्याचा परिणाम बक्षिसासारखा होतो. पहिल्याला सोपी वाट मिळते, आठव्याला पहिल्याच दिवशी डोंगर चढावा लागतो. म्हणून मानांकन चुकलं तर दोघांवर अन्याय होतो. ज्याला कमी आकलं त्याच्यावर तर होतोच, शिवाय त्या कमी आकलेल्या बलवान संघाशी ज्याची पहिल्याच फेरीत गाठ पडते त्याच्यावरही होतो.

आकडा येतो कुठून?

बुद्धिबळात मानांकन रेटिंगवरून ठरतं. ही पद्धत अमेरिकेत स्थायिक झालेले मूळचे हंगेरीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची. जागतिक संघटनेने म्हणजे फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिचं सार असं, की दोन खेळाडूंच्या रेटिंगमधला फरक सांगतो, शंभर डावांत कोणाला साधारण किती गुण मिळतील. फरक शून्य असेल तर निम्मे-निम्मे. १०० चा फरक असेल तर वरच्याला सुमारे ६४ टक्के. २०० चा असेल तर ७६ टक्के. ४०० चा असेल तर ९१ टक्के.

आता हे गणित अमेरिका आणि भारत 'ब' संघाला लावू. २७७१ आणि २६४९, फरक १२२. म्हणजे प्रत्येक पटावर अमेरिकेची अपेक्षा साधारण ६७ टक्के. चार पटांवर मिळून ४ पैकी २.७ गुण. वाचायला हा फरक मोठा वाटतो, पण २.७ म्हणजे काय? एखादा विजय, तीन बरोबऱ्या, आणि थोडंसं वर. एका पटावर डाव फिरला की सगळा सामना फिरला. आठव्या फेरीत हे दोन संघ भिडले तेव्हा दोन पट फिरले. १६ वर्षांच्या गुकेशने कारुआनाला हरवलं, आपल्या नागपूरच्या रौनक साधवानीने डोमिंगेझला हरवलं, बाकी दोन डाव बरोबरीत सुटले. भारत 'ब' ३, अमेरिका १.

म्हणजे पहिला मुद्दा हा : रेटिंग शंभर डावांबद्दल बोलतं, एका संध्याकाळच्या चार डावांबद्दल नाही.

पण तेवढंच असतं, तर पहिल्या दहापैकी दोन-तीन संघ घसरले असते. इथे दहाच्या दहा पदकाबाहेर गेले. म्हणजे निव्वळ नशिबापलीकडे आणखी काहीतरी होतं.

रेटिंग मागे का राहतं?

रेटिंग भूतकाळावरून बनतं. आज तुम्ही कसे खेळता हे त्याला लगेच कळत नाही, डावागणिक हळूहळू कळतं. किती हळू, ते एका गुणकावर ठरतं. नव्या खेळाडूसाठी हा गुणक ४० असतो. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही ४० मिळतो, पण रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंतच. एकदा २४०० गाठलं की तो १० होतो आणि मग वय कितीही असो, १० च राहतो.

याचा अर्थ काय, ते बघा. समजा सोळा वर्षांच्या मुलाचं रेटिंग २६०० आहे, पण त्याची आजची खरी ताकद २७०० ची आहे. तो २६०० वाल्यांशी खेळला तर रेटिंगच्या हिशेबाने त्याला निम्मे गुण मिळायला हवेत, प्रत्यक्षात मिळतात ६४ टक्के. जास्तीचे १४ टक्के गुणिले १०, म्हणजे डावामागे १.४ रेटिंग गुण. जसजसं अंतर कमी होतं तसतसा हा वेगही कमी होतो. निम्मं अंतर कापायलाच पन्नासेक डाव लागतात. आणि तोवर तो मुलगा आणखी सुधारलेला असतो!

त्यात २०२० आणि २०२१ ही कोरोनाची वर्षं. समोरासमोरच्या स्पर्धा कितीतरी महिने बंद होत्या. मुलं घरात बसून संगणकावर अभ्यास करत होती, ऑनलाइन खेळत होती, वाढत होती. रेटिंग मात्र जिथल्या तिथे. तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत आणि सातबाऱ्यावर अजून पेरणीचीच नोंद आहे, असा प्रकार.

आता पदक मिळवणाऱ्या संघांकडे बघा. उझबेकिस्तानच्या पाचपैकी चौघे विशीच्या आसपास किंवा त्याहून लहान. त्यांचा अब्दुसत्तोरोव सतरा वर्षांचा, आणि आदल्याच डिसेंबरमध्ये जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झालेला. सिंदारोव सोळाचा. भारत 'ब' मध्ये गुकेश, प्रज्ञानंद आणि रौनक सोळा वर्षांचे, निहाल सरीन अठराचा, आणि सोबत अनुभवी अधिबन. या मुलांचं कौतुक करताना आपण म्हणतो की त्यांनी चमत्कार केला. चमत्कार कसला? ती आधीच तेवढी चांगली होती. यादीला ते माहीत नव्हतं, इतकंच.

मात्र प्रत्येक गोष्ट या एका कारणात बसवायचा मोह टाळू या. आर्मेनियाचा संघ काही पोरांचा नव्हता. त्यांचा पहिल्या पटावरचा सर्गिस्यान चाळिशीकडे झुकलेला. शिवाय अरोनियनसारखा हुकमी खेळाडू संघ सोडून अमेरिकेकडून खेळत होता. तरीही आर्मेनिया दुसरा आला. चार पटांची सरासरी सांघिक खेळाबद्दल सगळं सांगत नाही. कोणत्या पटावर बरोबरी पुरेशी आहे, कुठे जोखीम घ्यायची, हे वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या संघाला जास्त कळतं.

आणि उलटं उदाहरण त्याच स्पर्धेत, शेजारच्या पटांवर होतं. महिला गटात पहिलं मानांकन भारताला, दुसरं युक्रेनला, तिसरं जॉर्जियाला. पदकं कोणाला? युक्रेनला सुवर्ण, जॉर्जियाला रौप्य, भारताला कांस्य. तीन मानांकित, तीन पदकं, फक्त क्रम बदलला. या संघांत बहुतेक खेळाडू अनुभवी होत्या, वर्षानुवर्षं मोठ्या स्पर्धा खेळलेल्या, त्यामुळे त्यांचं रेटिंग त्यांच्या ताकदीच्या जवळ होतं. आपल्या संघात हंपी, हरिका, वैशाली, तानिया सचदेव आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी, आणि प्रशिक्षक पुण्याचे अभिजित कुंटे. शेवटच्या फेरीआधी भारत आघाडीवर होता. त्या फेरीत अमेरिकेकडून १-३ असा पराभव झाला आणि सुवर्ण गेलं. तरी महिला गटातलं ते भारताचं पहिलं ऑलिम्पियाड पदक.

म्हणजे दुसरा मुद्दा : मानांकन जिथे माहिती ताजी असते तिथे चांगलं काम करतं, आणि जिथे खेळाडू वेगाने बदलत असतात तिथे फसतं.

स्विस लीगची जादू

आता विचार करा, ही स्पर्धा बाद पद्धतीची असती तर? १८८ संघांपैकी निम्मे पहिल्याच दिवशी सामान बांधून विमानतळावर. आणि भारत 'ब' सहाव्या फेरीत आर्मेनियाकडून हरला होता, म्हणजे त्यांचाही खेळ तिथेच संपला असता. पदक नाही, अमेरिकेवरचा विजय नाही, काहीच नाही. साखळी पद्धतीने प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवायचं म्हटलं तर १८७ फेऱ्या. सहा महिने मामल्लपुरमलाच राहावं लागलं असतं.

यावर तोडगा म्हणजे स्विस लीग. १८९५ साली झुरिकच्या एका स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून नाव स्विस. नियम सोपा आहे. कोणीही बाद होत नाही. पहिल्या फेरीत यादीचे दोन भाग करायचे, वरच्या अर्ध्यातला पहिला विरुद्ध खालच्या अर्ध्यातला पहिला, असं करत जायचं. १८८ संघ असतील तर पहिला विरुद्ध ९५वा. त्यानंतर प्रत्येक फेरीत ज्यांचे गुण सारखे त्यांच्याच जोड्या. जिंकलात की पुढचा प्रतिस्पर्धी अवघड, हरलात की थोडा सोपा. एकदा खेळलेल्याशी पुन्हा खेळायचं नाही. अकरा फेऱ्यांत चित्र बरंचसं स्पष्ट होतं.

यात मानांकनाचं वजन आपोआप घटत जातं, हे महत्त्वाचं. पहिल्या फेरीत सगळं यादीवर. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत यादीपेक्षा तुमचे गुण बोलायला लागतात. अंदाजाला सुरुवातीला मान, नंतर प्रत्यक्ष कामगिरीला मान.

एक डाव हरल्याने सगळं संपत नाही, याचं मराठी उदाहरण हवं असेल तर नाशिकचा विदित गुजराथी. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विस स्पर्धा झाली. विदित पहिल्याच फेरीत हरला. बाद पद्धत असती तर दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट. पण स्विस होती. तो सावरला, अकरापैकी साडेआठ गुण करून स्पर्धा जिंकला, आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत पोहोचला.

गुण सारखे, मग पहिला कोण?

स्विसची एक अडचण आहे. सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत, त्यामुळे गुण सारखे झाले तर काय? मामल्लपुरमला नेमकं तेच झालं. उझबेकिस्तान १९, आर्मेनिया १९. आर्मेनियाने अकरापैकी नऊ सामने जिंकले होते, उझबेकिस्तानने आठ जिंकून तीन बरोबरीत सोडवले होते. तरी सुवर्ण उझबेकिस्तानला. का?

इथे टायब्रेक येतो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने स्पर्धेत शेवटी किती सामना-गुण मिळवले ते बघायचं, आणि त्याला आपण त्याच्याविरुद्ध पटांवर मिळवलेल्या गुणांनी गुणायचं. सगळ्यांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी सोडून बाकीच्यांची बेरीज करायची. उदाहरणार्थ, १४ गुण मिळवलेल्या संघाला तुम्ही अडीच विरुद्ध दीडने हरवलं तर तुम्हाला ३५. आठ गुणांच्या दुबळ्या संघाला ४-० धुतलं तरी ३२ च. म्हणजे दुबळ्याला धोपटण्यापेक्षा बलवानावर निसटती मात करणं जास्त मोलाचं. या हिशेबात उझबेकिस्तान ४३५, आर्मेनिया ३८२.५. सुवर्ण तिथे ठरलं.

'कोणाला हरवलं?' हा प्रश्न फक्त बुद्धिबळाचा नाही. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये तर सगळं राजकारण याच प्रश्नाभोवती फिरतं. तिथे कॉलेजं वेगवेगळ्या गटांत खेळतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ घेतात आणि पहिल्या सोळांना मानांकन देतात. त्यासाठी अनेक वर्षं आरपीआय नावाचा एक निर्देशांक बघितला जातो. त्यात तुमच्या स्वतःच्या विजयांचं वजन फक्त २५ टक्के, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचं ५० टक्के, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचं २५ टक्के. म्हणजे तुम्ही कसे खेळलात यापेक्षा कोणाशी खेळलात याला जास्त भाव. परिणाम असा, की तगड्या कॉन्फरन्समधला संघ हरूनही वर राहतो आणि दुबळ्या कॉन्फरन्समधला संघ जिंकत राहूनही खालीच. शिवाय तिथे मानांकनाबरोबर घरचं मैदान मिळतं, पहिले सोळा संघ पहिल्या टप्प्याचे यजमान असतात. तरीही २०२५ मध्ये देशात पहिलं मानांकन असलेला टेक्सस ए अँड एमचा संघ स्वतःच्या मैदानावर, पहिल्याच टप्प्यात लिबर्टी विद्यापीठाकडून हरून बाहेर पडला. अंदाज तो अंदाजच.

दार कोण उघडतं?

आता सगळ्यांत नाजूक भाग. मानांकनाच्या आधीचा प्रश्न असतो प्रवेशाचा. यादीत नावच नसेल तर मानांकन कसलं?

ऑलिम्पियाडमध्ये एका देशाचा एक संघ. मग भारत 'ब' आला कुठून? यजमान देशाला दुसरा संघ उतरवता येतो, आणि संघांची एकूण संख्या विषम होत असेल तर तिसराही. म्हणून भारताचे 'अ', 'ब', 'क' असे तीन संघ होते. स्पर्धा रशियातच झाली असती तर गुकेश, प्रज्ञानंद, निहाल, रौनक या चौघांनी एकत्र खेळून पदक मिळवण्याचा प्रश्नच नव्हता. कांस्य जिंकणाऱ्या संघाला दार उघडलं ते यजमानपदाच्या नियमाने.

दुसरी घटना चेन्नईचीच, डिसेंबर २०२३ ची. कँडिडेट्ससाठीची एक जागा वर्षभराच्या स्पर्धांतल्या गुणांवर, म्हणजे फिडे सर्किटवर ठरणार होती. तुमचा क्रमांक काय आला आणि स्पर्धेचं सरासरी रेटिंग किती, यावर हे गुण ठरतात. वर्ष संपत आलं होतं आणि गुकेशला ही जागा मिळवायला आणखी एक तगडी स्पर्धा हवी होती. तमिळनाडू सरकारच्या पुढाकाराने अगदी थोड्या दिवसांत चेन्नई ग्रँडमास्टर्स ही आठ खेळाडूंची स्पर्धा उभी राहिली. अरोनियन, हरिकृष्ण, मघसूदलू असे खेळाडू आले. गुकेश आणि अर्जुन एरिगैसी दोघांचे सातपैकी साडेचार गुण, आणि टायब्रेकवर गुकेश पहिला. पुढे त्याला कँडिडेट्सची जागा मिळाली.

यावर जगभर चर्चा झाली. काही म्हणाले, एका खेळाडूसाठी स्पर्धा भरवणं योग्य नाही. काही म्हणाले, युरोपातल्या खेळाडूंना घराजवळ वर्षभर मोठ्या स्पर्धा मिळतात, भारतात एक झाली तर बिघडलं काय? नियम मोडला नव्हता, आणि डाव तर पटावर जिंकावेच लागले. मला दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या वाटतात. पण यातून एक सत्य दिसतं. गुणांच्या यादीत वर कोण आहे, यात खेळाइतकाच संधीचा वाटा असतो. ज्याच्या गावात स्पर्धा होते, ज्याच्या राज्याकडे पैसा आणि इच्छा आहे, त्याची यादी लवकर वर सरकते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला रेटिंगच्या क्रमाने खालच्या अर्ध्यात असलेल्या गुकेशने कँडिडेट्स जिंकली, आणि १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनला साडेसात विरुद्ध साडेसहाने हरवून अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. जे दार जेमतेम उघडलं होतं, त्यातून जगज्जेता आत आला.

नागपूरच्या दिव्या देशमुखचंही तेच. चेन्नईच्या ऑलिम्पियाडमध्ये ती 'ब' संघात राखीव पटावर होती, तिथे तिने वैयक्तिक कांस्य मिळवलं. तीन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, बाटुमीला महिला विश्वचषकात तिचं मानांकन होतं १५वं. बाद पद्धतीची स्पर्धा, एकही चूक महागात. तिने दुसऱ्या मानांकित झू जिनेरला हरवलं, मग हरिका, मग तान झोंगयी, आणि अंतिम फेरीत हंपी. ग्रँडमास्टरसाठीचा एकही नॉर्म नसताना गेली होती, ग्रँडमास्टर होऊन परत आली.

आपल्या कॉलेजच्या मैदानावर

आता हे सगळं आपल्याकडे आणू. तुमच्यात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतील, खेळाडू असतील, त्यांचे आईवडील असतील. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीने होतात, आणि मागच्या वर्षीच्या उपांत्य फेरीतल्या चार संघांना चार कोपऱ्यांत ठेवून बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढतात. इथे बुद्धिबळाच्या उलटा घोळ होतो. बुद्धिबळात रेटिंग खेळाडूच्या मागे जातं. कॉलेजमध्ये मानांकन कॉलेजच्या नावामागे जातं, आणि खेळाडू तर तिसऱ्या वर्षानंतर निघून गेलेले असतात! सॉफ्टबॉलचा संघ घ्या. मागच्या वर्षी ज्या पिचरच्या जोरावर कॉलेज जिंकलं ती पदवी घेऊन गेली. कॉलेजचं पहिलं मानांकन मात्र कायम. आणि ज्या तालुक्याच्या कॉलेजात यंदा सहा चांगल्या मुली एकदम आल्या, त्या रात्रभर एसटीने येऊन पहिल्याच सामन्यात दुसऱ्या तगड्या संघासमोर पडतात आणि दुपारी परत निघतात.

यावर खर्चिक उपाय लागत नाहीत. मानांकन फक्त तेवढ्यांनाच द्या, ज्यांच्याबद्दल खात्री आहे. सोळा संघांत चार पुरेत, बाकी चिठ्ठीवर सोडा. मागच्या वर्षीचा निकाल बघताना, त्या संघातल्या किती जणी यंदाही खेळताहेत ते विचारा. निम्म्याहून कमी असतील तर ते मानांकन शिळं. नियम ड्रॉच्या आधी सगळ्यांसमोर वाचा, ड्रॉनंतर त्याला हात लावू नका.

आणि जमेल तिथे दुसरी संधी ठेवा. सोळा संघांची बाद स्पर्धा म्हणजे १५ सामने, पण आठ संघ एकच सामना खेळून घरी. चारचार संघांचे चार गट करून साखळी खेळवली आणि गटविजेत्यांची उपांत्य आणि अंतिम फेरी घेतली, तर २७ सामने होतात, पण प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात. बारा सामने वाढले, पण एवढ्या लांबून आलेल्या मुलींना तीन दिवस खेळायला मिळालं. मानांकन चुकलं असेल, तर ते दुरुस्त करायला मैदानावर वेळही मिळाला.

आईवडिलांसाठी एक शेवटचं. मुलाला १४०वं मानांकन मिळालं म्हणून खट्टू होऊ नका, आणि पहिलं मिळालं म्हणून पेढे वाटू नका. तो आकडा मूल काल कसं खेळत होतं ते सांगतो. वाढत्या वयात काल आणि आज यांत बरंच अंतर असतं. रेटिंग जपायला म्हणून मोठ्या स्पर्धा टाळणारी मुलं मी पाहिली आहेत. आकडा जपला जातो, खेळ राहून जातो. त्यापेक्षा आपल्याहून तगड्यांशी खेळू द्या. यादीला कळायला वेळ लागेल, पण कळेल.

म्हणून मानांकन पूर्ण काढून टाका असं मी म्हणणार नाही. अंतर न ठेवता पेरलं तर शेत बिघडतं. पण कोणतं रोप वर येणार हे पेरणाऱ्याने आधीच ठरवायचं नसतं. चांगली स्पर्धा अंदाजाचा उपयोग सुरुवात नीट करण्यापुरता करते, आणि पुढचा निर्णय खेळणाऱ्यांवर सोपवते. मामल्लपुरमला अकरा फेऱ्या होत्या, म्हणून अकराव्या, बाराव्या आणि चौदाव्या मानांकित संघांना आपली खरी ताकद दाखवता आली. तुमच्या गावच्या स्पर्धेत किती फेऱ्या आहेत, तेवढं एकदा मोजून बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.